खुराची चीर पुन्हा पुन्हा उघडते? कानस हातात घेण्याआधी हे तपासा

लक्षणं

नाल न ठोकलेल्या घोड्याच्या पुढच्या खुराला टोकाशी चीर पडते, जमिनीकडून वर चढणारी. नालबंद येतो, खूर छाटतो, चीर जवळजवळ दिसेनाशी होते. दीड-दोन महिन्यांनी बघावं तर तीच चीर, त्याच जागी, कधी बोटभर जास्त वर गेलेली. कडांचे ढलपे निघतात. घोडा सपाट रस्त्यावर अडखळतो, मुरमाच्या वाटेवर दबकत पाय टाकतो आणि मऊ मातीत उतरला की नीट चालतो. समोरून पाहिलं तर खूर वरून खाली सरळ न उतरता तळाशी बाहेर फाकलेला दिसतो. पावसाळ्यात त्यात वासाची भर पडते.

माझ्या घोड्यांचे खूर मी स्वतःच कानसते आणि आसपासच्या गावांतले लोकही हाच प्रश्न घेऊन येतात. मारवाडी असो, काठियावाडी असो की भीमथडी तट्टू, दुखणं एकाच वाटेनं येतं. चीर हा मूळ रोग जवळजवळ कधीच नसतो. खुराचं टोक लांब झालेलं असतं, टाचेकडे दुखत असतं किंवा ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, ओलं असतं, आणि त्याचा परिणाम चिरेतून दिसतो. म्हणून चीर भरण्यात, त्यावर काहीबाही लावण्यात वेळ घालवू नका. खालच्या क्रमानं जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही आणि बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आधी हात लावा

सकाळी, घोडा उन्हात उभा राहण्याआधी, चारही खुरांवर तळहात ठेवा. चारही साधारण सारखेच लागले पाहिजेत. एकच खूर बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर आत काहीतरी पेटलं आहे.

मग नाडी बघा. खुराच्या वरच्या गोल सांध्याला, म्हणजे फेटलॉकला, मागून दोन्ही कडांनी शीर उतरते. तिच्यावर दोन बोटं हलकी टेकवा, दाबू नका. निरोगी घोड्याची नाडी इथे जेमतेम लागते, कधी कधी शोधूनही सापडत नाही, आणि तसंच असायला हवं. बोटांना ठोके स्पष्ट आपटत असतील तर खुरात दाह आहे. ही नाडी ओळखायची सवय घोडा ठणठणीत असतानाच लावून घ्या. रोज खरारा झाला की एकदा बोटं टेकवायची. एरवी कशी लागते हे हाताला माहीत असेल तरच बदल कळतो.

ही तपासणी पहिली का? कारण गरम, ठणकणारा खूर छाटला तर दुखणं वाढतं. आत पू झाला असेल किंवा लॅमिनायटिस सुरू झाला असेल, तर तो कानशीचा प्रश्नच नाही. घोडा पुढचे दोन्ही पाय पुढे ताणून वजन मागच्या पायांवर टाकत असेल, वळायला नको म्हणत असेल, तर हा लेख इथेच बाजूला ठेवा. त्याला चालवू नका, चंदी (दाण्याचा खुराक) आणि गूळ ताबडतोब बंद करा, पायाखाली जाड मऊ अंथरूण घाला आणि डॉक्टरांना फोन करा. लॅमिनायटिसमध्ये खुराच्या आतलं हाड भिंतीला, म्हणजे खुराच्या बाहेरच्या कठीण कवचाला, धरून ठेवणारे पदर सुटायला लागतात. तिथे पहिल्या दिवसाचीही किंमत फार मोठी असते.

खूर साफ करा, वास घ्या

खूर साफ करायची आकडी टाचेकडून टोकाकडे चालवा, उलट नाही. तळव्याच्या मधोमध जो त्रिकोणी, दाबला की किंचित दबणारा भाग असतो, त्याला डॉक्टर फ्रॉग म्हणतात, मीही तेच म्हणते. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खोबणी आणि टाचेकडची मधली घळ पूर्ण मोकळी करा. खडा, काचेचा तुकडा, बाभळीचा काटा निघाला तर लंगडणं त्याच दिवशी थांबू शकतं.

खिळा किंवा तार आत रुतलेली दिसली तर मात्र ओढून काढू नका. हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. पण खिळा निघाला की मागे भोक बुजतं आणि तो हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत पोचला होता का, हे कळायला मार्ग राहत नाही. घोडा जागचा हलवू नका, खिळा आणखी आत जाणार नाही अशी भोवती जाड गादी बांधा, फोटो काढा आणि डॉक्टरांना बोलवा. तो आपोआप गळून पडला असेल तर भोकाची जागा पेनानं खूण करून ठेवा. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, म्हणून टिटॅनसची लस वेळेवर झालेली असणं हे खुराच्या देखभालीतच मोडतं. लस कधी झाली ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

आता वास. खोबणीतून काळपट, चिकट मळ आणि नाक मुरडायला लावणारी दुर्गंधी येत असेल तर फ्रॉग सडायला लागला आहे. हे पावसाळ्याचं नेहमीचं दुखणं, याला थ्रश म्हणतात. टाचेकडची मधली घळ उथळ खळगी असावी, बोटाचं टोक जेमतेम बसेल एवढी. आकडीचं टोक तिथे आत जात असेल आणि घोडा पाय हिसकावत असेल तर सडणं खोल गेलं आहे.

याचा टोकाच्या चिरेशी काय संबंध, असं मला नेहमी विचारतात. संबंध थेट आहे. टाचेकडे दुखतं म्हणून घोडा टाच टेकवायची टाळतो आणि पाय टोकावर टाकतो. टोकावर पडणारा पाय अडखळतो, आणि प्रत्येक पावलाचा दणका आधी टोकाच्या भिंतीला बसतो. चीर पुढे दिसते, दुखणं मागे असतं. हे पडताळायला सोपी युक्ती आहे. कुणाला तरी घोडा सपाट, टणक जागेवर सैल लगामानं चालवायला सांगा आणि मोबाईल जमिनीलगत धरून बाजूनं स्लो मोशन व्हिडिओ काढा. निरोगी पाय टाचेवर किंवा सपाट टेकतो. टोक आधी टेकताना दिसलं की चिरेकडे बघणं सोडा आणि टाचेकडे लक्ष द्या.

थ्रशवर उपाय चिकाटीचा आहे, महाग नाही. रोज खूर ब्रशनं धुऊन कोरडा करा. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात फिकट चहाच्या रंगाइतकं पातळ करा, त्यात गॉजची पट्टी भिजवून पिळून घळीत हलकी बसवा आणि रोज बदला. लोंबणारे, सुटलेले तुकडे नालबंदाकडून काढून घ्या, म्हणजे हवा लागते. फिनेल, रॉकेल, गाडीचं जळकं ऑइल यांपैकी काहीही ओतू नका. मोरचुदाची पूड पूर्वापार वापरतात, पण उघड्या मांसाला लागली तर ती भाजते. मग घोडा टाच आणखी टाळतो आणि आपण फिरून तिथेच येतो. दोन आठवडे नेमानं करूनही वास जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा.

ठाण बघा

औषध लावून घोडा पुन्हा मुताच्या चिखलात उभा केला तर सगळं पाण्यात. ठाणावर गुडघे टेकून नाक जमिनीजवळ न्या. तुमच्या डोळ्यांना झोंबत असेल तर त्याच्या खुरांनाही तेच मिळतंय, दिवसभर. मागच्या बाजूला उतार हवा, लीद दिवसातून दोनदा उचलली पाहिजे, जमीन मुरूम-वाळूची असेल तर मूत निचरतं. फरशी असेल तर वर कोरडा पेंढा किंवा लाकडाचा भुसा जाड हवा. महाबळेश्वर-माथेरानसारख्या ठिकाणी जून ते सप्टेंबर बाहेर कोरडं काही नसतंच. तिथे निदान रात्रीची जागा कोरडी ठेवणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते पुरतं.

ओल्यातून कडक कोरड्यात आणि कोरड्यातून ओल्यात वारंवार जाण्यानंही भिंत फुगते-आकसते आणि कडा ढलपतात. खुराला तेल चोपडल्यानं यावर फारसा फरक पडत नाही. तेल चकाकी आणतं, आणि ओल्या खुरावर लावलं तर ओल आत कोंडते.

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, याचं एकच उत्तर लहानपणी सगळ्यांनी ऐकलेलं असतं: फिरवलं नाही म्हणून. खुराच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. पाऊल टेकताना फ्रॉग आणि टाच दबतात, उचलताना सैल होतात, आणि खुरातलं रक्त त्या हालचालीवर खेळतं. अगाडी-पिछाडी लावून दिवसभर उभ्या ठेवलेल्या घोड्याचा खूर कितीही चांगला छाटला तरी सुधारत नाही.

तारखा आणि फोटो

मागची छाटणी कधी झाली? अंदाजे नको, तारीख हवी. खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो. मोकळ्या खडकाळ रानात हिंडणारा घोडा तेवढा झिजवतो, बांधलेला झिजवत नाही. नालबंद तीन-तीन महिन्यांनी येत असेल तर दुसरं कारण शोधायची गरजच नाही, चीर तेवढ्यानंच पडते. चार ते सहा आठवड्यांच्या वर जाऊ देऊ नका.

मोबाईल जमिनीवर टेकवून प्रत्येक खुराचे तीन फोटो काढा: समोरून, बाजूनं आणि उचलून तळव्याचा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच कोनातून. सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा दुसरीकडे कुठे घोडा घेतला असेल तर घरी आणल्या दिवशीच खुरावरचं काळं पॉलिश आणि तेल धुऊन काढा आणि मग फोटो घ्या. जुन्या चिरा, आडव्या रेघा त्याखाली लपलेल्या असतात.

फोटोत काय बघायचं? केस संपून खूर सुरू होतो तिथून खाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतची वाढ सगळ्यात नवी असते. बाजूच्या फोटोत त्या नव्या वाढीला पट्टी लावून रेघ खाली जमिनीपर्यंत न्या. खूर त्या रेघेला धरून उतरत असेल तर ठीक. खालचा भाग रेघ सोडून पुढे जात असेल तर टोक लांब झालं आहे. तळव्याच्या फोटोत खूर सर्वांत रुंद असतो तिथे आडवी रेघ मारा. रेघेपासून टोकापर्यंतचं आणि टाचेपर्यंतचं अंतर साधारण सारखं असावं. पुढचं उघड जास्त असेल तर तेच उत्तर. लांब टोक पहारीसारखं काम करतं. पाऊल उचलायच्या क्षणी सगळा जोर टोकावर येतो, ते भिंतीला आतल्या पदरांपासून उचकटतं आणि चीर दर पावलाला उघडते.

आता कानस

इथपर्यंत सगळं ठीक निघालं, खूर थंड आहे, वास नाही, घोडा टाचेवर उतरतोय आणि टोक लांब आहे, तरच हे काम तुमचं. आधी तुमच्या नालबंदाबरोबर काही वेळा उभं राहा. त्याला पैसे द्या, शिकवण्याचेही द्या, आणि त्याच्या देखत तुमच्या हातानं एक खूर करा. पहिले काही महिने फक्त कानस वापरा. पकड आणि वाकडी सुरी नको, कारण कानशीनं एका झटक्यात फार निघत नाही आणि पकडीनं निघतं.

घोडा खुंटाला करकचून बांधण्यापेक्षा त्याला ओळखणाऱ्या माणसानं धरलेला बरा. दोरी कुणीही हाताला गुंडाळू नये. पुढच्या पायाला घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहा, पाय दोन्ही गुडघ्यांमध्ये धरा, बाहेर ओढू नका. म्हाताऱ्या घोड्याचा पाय फार वर उचलू नका, त्याचे सांधे दुखतात. जमिनीवर बसून काम करू नका. घोडा पाय मागतोय तर सोडा, मिनिटभर विसावू द्या, पुन्हा घ्या. घाईत धरलेल्या पायावर घोडा पुढच्या वेळेपासून विश्वास ठेवत नाही.

तळवा स्वच्छ करून उजेडात नीट बघा. सगळ्यात बाहेर भिंतीचा गडद थर, त्याच्या आत भिंतीचाच पांढरट थर, मग एक बारीक पिवळसर रेघ आणि तिच्या आत तळवा. रेघ पिवळसर असली तरी तिला पांढरी रेघच म्हणतात. ती अरुंद आणि घट्ट असेल तर भिंत आतल्या पदरांना धरून आहे. टोकाशी ती रुंदावली असेल, तिच्यात काळे ठिपके, बारीक खडी अडकली असेल तर तिथे भिंत ताणली गेली आहे. चिरेची मुळं बहुधा तिथेच दिसतात.

कानस चालवायची ती भिंतीवर. तळव्याच्या पातळीपेक्षा जेवढी भिंत बाहेर आली आहे तेवढीच उतरवा. नंतर पाय पुढे घेऊन, तुमच्या गुडघ्यावर किंवा ठोकळ्यावर टेकवून, टोकाची धार बाहेरून गोल करा, साधारण 45 अंशांत, म्हणजे चिरेच्या दोन्ही ओठांवर जमिनीचा दाब येणार नाही. चिरेवरचं काम एवढंच. चीर संपेपर्यंत वर वर कापत जाऊ नका, तिथे चांगली भिंत विनाकारण जाते.

तळव्याला हात लावायचा नाही, हे मी अगदी आग्रहानं सांगते. तळव्यावरचा कोरडा, पिठासारखा सुटणारा थर आपोआप गळतो. त्याच्या खालचा टणक तळवा हेच पायाचं संरक्षण आहे, आणि तो सुबक दिसावा म्हणून तासला तर घोडा दुसऱ्या दिवशी खडीवर चालू शकत नाही. अंगठ्यानं दाबून तळवा दबतोय असं वाटलं किंवा गुलाबी छटा दिसली तर त्याच क्षणी थांबा. टाचांनाही सुरुवातीला हात लावू नका. लांब टोकाच्या घोड्यात टाचा बहुधा पुढे सरकून चपट्या झालेल्या असतात, त्या मागे आणणं अनुभवी हाताचं काम आहे.

एकदम खूप काढण्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं काढा. खूर आणि वरच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) नव्या कोनाशी हळूहळूच जुळवून घेतात. छाटणीनंतर घोडा आधीपेक्षा जपून चालत असेल तर त्या दिवशी जास्त निघालं आहे. मग त्याला मऊ जागेत ठेवा आणि पुढच्या वेळी कमी घ्या. मार्च ते मे खूर फार टणक होतो, तेव्हा घोडा आधी अर्धा तास ओल्या वाळूत उभा केला की कानस चालते.

चंदी

टोक आटोक्यात आहे, ठाण कोरडं आहे, तरी पांढरी रेघ ताणलेलीच राहते आणि भिंतीवर आडव्या वळ्या उमटतात, असं असेल तर खाण्याकडे वळा. कष्ट कमी आणि हरभरा, गूळ, गव्हाचा कोंडा जास्त, हे आपल्याकडे लाडानं होतं. जास्त साखर आणि पिष्ट यांमुळे लॅमिनायटिस मंदपणे, लंगडण्याआधीही, खुरात काम करत असतो. निव्वळ कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. वाळलेला चारा मुख्य ठेवा, गूळ बंद करा, चंदी कामाच्या मानानं द्या. मानेवर चरबीचा कडक पट्टा असलेल्या घोड्याच्या बाबतीत हे आणखी काटेकोर पाळा. बायोटिन रोज 15 ते 20 मिलिग्रॅम दिल्यानं नवी वाढ सुधारते, पण ती वरून खाली येते, त्यामुळे सहा-नऊ महिने तरी द्यावं लागतं. जस्त आणि तांबं कमी पडत असेल तर पूरक मिश्रण डॉक्टरांना विचारूनच निवडा, अंदाजानं ओतू नका.

नाल ठोकलेल्या घोड्याचं

डांबरी रस्त्यावर रोज टांगा ओढणाऱ्या, वरातीत किंवा पेव्हर ब्लॉकवर चालणाऱ्या घोड्याला नाल लागतोच. तो काढणं, ठोकणं हे नालबंदाचं काम. तुम्ही एवढंच बघा: खिळ्यांची वाकवलेली टोकं वर उठली आहेत का, खूर नालाच्या बाहेर वाढून टाचेवर नाल रुततोय का. तसं असेल तर पाच-सहा आठवडे उलटून गेले आहेत, नालबंदाला बोलवा. नाल ठोकल्यावर एक-दोन दिवसांतच लंगडायला लागला तर खिळा जिवंत भागाजवळ गेला असण्याची शक्यता आहे. त्याच नालबंदाला लगेच परत बोलवून खिळे एकेक करून तपासून घ्या, आणि भोकातून रक्त किंवा पू आला तर डॉक्टर.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही दिसलं तर कानस ठेवून द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवा:

चीर केसांच्या कडेपर्यंत पोचली आहे, तिच्यातून रक्त किंवा पू येतोय, किंवा चालताना तिचे दोन ओठ वेगवेगळे हलतात.

घोडा एका पायावर अचानक वजनच टाकत नाही. हे बहुधा आतल्या गळवाचं लक्षण असतं आणि निचरा झाला की उतारही लवकर पडतो, पण तळव्यात भोक पाडून वाट करून देणं हे घरी करायचं काम नाही. हाड मोडलं असलं तरी घोडा असाच उभा राहतो.

फ्रॉगवर फुलकोबीसारखी, हात लावताच रक्त येणारी वाढ आहे. हा थ्रश नसून कँकर असण्याची शक्यता असते आणि तो आयोडीननं बरा होत नाही.

पांढऱ्या रेघेत आकडी टेकवली की आत पोकळ लागतं, भिंतीवर ठोकलं की आवाज बदलून पोकळ येतो.

दोन छाटण्या नीट होऊनही केसांखालची नवी वाढ चिरलेलीच येते.

चीर गेली की नाही हे खाली बघून ठरवू नका, वर बघा. केसांच्या कडेखाली बिनचिरेची वाढ दिसायला लागली आणि दर महिन्याच्या फोटोत ती खाली सरकतेय, म्हणजे कारण सापडलं आहे. टोकाशी खूर पूर्ण नवा व्हायला 9 ते 12 महिने लागतात, तोवर जुनी चीर खाली दिसत राहणारच.

तालुक्याच्या दवाखान्यात घोड्याचे रुग्ण कमी येतात, म्हणून फोन करताना चार गोष्टी तयार ठेवा: चारही खुरांची गरमी आणि नाडी, मागच्या छाटणीची तारीख, टिटॅनसच्या लशीची तारीख आणि चालतानाचा व्हिडिओ. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. खुराचा एक्स-रे हवा असं डॉक्टर म्हणाले तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून आधी विचारा आणि मगच घोडा गाडीत चढवा. नेताना खुराखाली जाड गादी बांधा, गाडीत वाळू किंवा पेंढा भरपूर टाका, आणि महिन्या-महिन्याचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन जा. एक्स-रेमध्ये दिसलेल्या हाडाच्या कोनाशी ते जुळवून डॉक्टर आणि नालबंद दोघांना मिळून छाटणी ठरवता येते.